तब्गा येथील चार भाकरी

किन्नेरेतच्या काठी तब्गा नावाचे ठिकाण आहे. तेथील ख्रिस्ती देवळात जमिनीवर रंगीत खड्यांचे, पाचव्या शतकातील एक चित्र आहे. मधोमध भाकरींची टोपली आणि दोन बाजूंना दोन मासे. सहलीला गेलेल्या आपल्या मंडळींपैकी पुष्कळांनी ते पाहिले असेल. येशूने पाच भाकरी व दोन मासे घेऊन पाच हजार लोकांना जेवू घातले, अशी कथा आहे. पण टोपलीतल्या भाकरी मोजल्या तर चारच भरतात. मग पाचवी कुठे? ख्रिस्ती मंडळी सांगतात, ती वर वेदीवर आहे, उपासनेच्या वेळी मोडतात ती. या उत्तरात त्यांच्या शास्त्रातील भाकरीचा बहुतेक अर्थ आला. तो आपण बेने इस्राएल लोकांनी कसा वाचावा, याविषयी चार शब्द लिहीत आहोत.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की ही भाकर आपल्याच चुलीवरची आहे. धोंड्यांच्या भाकरी कर, असे सैतान म्हणतो तेव्हा येशू जे उत्तर देतो ते मोशेच्या पाचव्या पुस्तकातील, आठव्या अध्यायातले वचन आहे. पाच हजारांच्या कथेचा नमुनाही आपल्याकडे सापडतो. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, चौथ्या अध्यायात, अलीशा संदेष्टा जवाच्या वीस भाकरी शंभर माणसांना वाढायला सांगतो. चाकर शंका काढतो, तरी सर्वांना पुरून उरते. योहानाच्या शुभवर्तमानात मुलाजवळच्या भाकरी जवाच्याच आहेत. जव हे गरिबाचे धान्य. मराठी भाषांतरकारांनी येथे 'पाव' न लिहिता 'भाकर' लिहिले, ते आम्हाला फार योग्य वाटते. पाव बेकरीतून येतो, भाकर घरच्या तव्यावर होते. आणि भाकरीला महाग होणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

योहानाच्या सहाव्या अध्यायात मात्र वाटा वेगळ्या होतात. तुमच्या पूर्वजांनी रानात मान्ना खाल्ला तरी ते मेले, मी स्वर्गातून उतरलेली जिवंत भाकर आहे, ती खाणारा मरणार नाही, अशा अर्थाचे येशूचे बोलणे तेथे आहे. मिशनऱ्यांच्या शाळांत शिकलेल्या आपल्या लोकांनी हे ऐकलेले आहे. मान्ना ही नुसती सावली, खरी वस्तू मागाहून आली, असा त्याचा अर्थ लावला जाई. आमचा आक्षेप येथे आहे. मान्ना खाऊन अमर व्हाल, असे वचन परमेश्वराने दिले तरी केव्हा? निर्गमाचा सोळावा अध्याय उघडून पाहावा. माणशी एक ओमेर. ज्याने पुष्कळ गोळा केला त्याचे जास्त झाले नाही, ज्याने थोडा केला त्याला कमी पडले नाही. सकाळपर्यंत साठवला त्यात किडे पडले. सहाव्या दिवशी दुप्पट मिळाला, म्हणून शब्बाथला आपण दोन भाकरींवर हामोत्सी म्हणतो. समान वाटणी, साठा न करणे आणि विसावा, एवढे मान्नाने शिकवले. जे देऊ केलेच नव्हते ते दिले नाही म्हणून त्याला उणे ठरवणे न्यायाचे नव्हे.

त्याच अध्यायात पुढे आपले मांस खाण्याची व रक्त पिण्याची भाषा येते. ऐकणारे कोण, तर लेवीयाच्या सतराव्या अध्यायाप्रमाणे रक्त वर्ज्य मानणारे लोक. पुष्कळ शिष्य तेथूनच मागे फिरले, असे योहान स्वतःच लिहितो. मांसाला मीठ लावून रक्त काढून टाकणाऱ्या आपल्या घरांतील बायकांना ते का फिरले, हे सांगावे लागणार नाही.

येथेच थांबलो असतो. पण परिचारिकेच्या नोकरीत जे पाहिले ते वगळता येत नाही. मुंबईला आमच्या वॉर्डात एक ख्रिस्ती आजी शेवटच्या घटका मोजत होत्या. पेजसुद्धा घशाखाली उतरत नव्हती. पाद्री आले, नखाएवढा तुकडा त्यांच्या जिभेवर ठेवला, आम्ही चमच्याने दोन थेंब पाणी घातले. त्याने पोटाला काय आधार होणार? तरी आजींच्या घट्ट मिटलेल्या मुठी सैल झाल्या. लॅटिन भाषेत या शेवटच्या भाकरीला जे नाव आहे त्याचा अर्थ प्रवासाची शिदोरी. तो कळला तेव्हा आम्हाला आपले एलियाहू हन्नबी आठवले. मरण मागून झुडपाखाली निजले असता देवदूताने त्यांना निखाऱ्यावरची भाकर व पाणी दिले, आणि तेवढ्या बळावर ते चाळीस दिवस, चाळीस रात्री चालून होरेब डोंगराला पोचले.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल रागावतो, की तुम्ही प्रभूच्या भोजनाला जमता, आणि एक उपाशी राहतो तर दुसरा पिऊन झिंगतो. भाकर वाटली गेली नाही तर तिचा पवित्र अर्थही पोकळ, हे पौलालाही पटलेले होते. आमच्या मते मान्नाचा ओमेर येथे पुन्हा मोजला गेला आहे.

2015 साली तब्गाच्या त्याच देवळाला यहुदी अतिरेक्यांनी आग लावली, आणि मूर्तींचा नाश व्हावा अशा अर्थाचे आपल्या आलेनू प्रार्थनेतील शब्द भिंतीवर लिहिले. भाकरीत देव आहे हे आपल्याला मान्य नाही, आणि ते स्पष्ट सांगण्यात कसला संकोच? परंतु काडी लावणाऱ्यांना त्या टोपलीत अलीशाच्या भाकरी दिसल्या नाहीत, याचे आम्हाला वाईट वाटते. शुक्रवारी रात्री हामोत्सी झाल्यावर नातवंडांना विचारावे, भाकरी दोन का? उत्तर आले नाही तर आपण सांगावे. ज्याला घरची कथा ठाऊक आहे तो शेजाऱ्याची ऐकून डगमगत नाही, आणि त्याचे देऊळ जाळायलाही जात नाही.