मागचं दृश्य कुणी ठरवायचं?

हिरव्या कापडासमोर माणूस उभा करायचा आणि मागे हवं ते दृश्य बसवायचं, हे आता कुणालाही करता येतं. हिरवा भाग कापून काढणारं, म्हणजे ‘की’ करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मुळात व्हिडिओ गेमसाठी जन्मलेलं अनरिअल इंजिन दरबार, जंगल, अंतराळ असं काहीही कॅमेऱ्याच्या हालचालीबरोबर फिरवून दाखवतं. टाळेबंदीच्या काळात कितीतरी शिक्षकांनी घरातल्या भिंतीवर हिरवी चादर लावून तास घेतले. तरीही आपल्या मालिका, बातम्या आणि ऐतिहासिक चित्रपट पाहताना माणूस एकीकडे आणि जागा दुसरीकडे, असं सतत जाणवत राहतं. त्याचं खापर नेहमी बजेटवर फुटतं. मला ते पटत नाही. मागे काय असणार हे शूटिंगच्या आधी कुणीच ठरवत नाही, म्हणून ते खोटं दिसतं.

कीइंगचं तत्त्व सोपं आहे. प्रत्येक पिक्सेलमध्ये हिरवा रंग लाल आणि निळ्यापेक्षा किती जास्त आहे, ते संगणक मोजतो. फारच जास्त असेल तर तो पडदा, नसेल तर माणूस. हिरवाच रंग का, तर डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर हिरवा टिपणारे बिंदू लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात आणि त्वचेच्या रंगात हिरवा वरचढ नसतो. खरी कसोटी लागते ती कडांवर. केसांच्या बटा, वेगाने हलणारा हात, चष्म्याची काच या ठिकाणी एकच पिक्सेल थोडा माणसाचा आणि थोडा पडद्याचा असतो. त्यात स्वस्तातला कॅमेरा फाइल लहान ठेवण्यासाठी चार पिक्सेलमागे रंगाची एकच नोंद ठेवतो. ज्या रंगाच्या आधारावर कापायचं तोच अंदाजाने भरलेला असेल, तर केसांभोवती करवतीने कापल्यासारखी कड येणारच.

आता पौराणिक मालिकेची वेशभूषा डोळ्यांसमोर आणा. मुकुट, बाजूबंद, कमरपट्टा असा प्रत्येक चकचकीत दागिना समोरचा हिरवा रंग स्वतःवर ओढून घेतो आणि की करताना मुकुटाला भोकं पडतात. झिरझिरीत उपरण्यातून पडदा दिसतो, धुपाचा धूर तर अर्धा इकडचा अर्धा तिकडचा. राम-कृष्णाची अंगकांती निळसर रंगवलेली, म्हणून निळा पडदा लावता येत नाही. हिरवा लावावा तर नववधूचा हिरवा चुडा आणि हिरवी पैठणी अडचणीत येते. आणि कृष्णाच्या मुकुटातल्या मोरपिसाचं काय करायचं? त्यात निळाही आहे आणि हिरवाही. कुठलाही पडदा लावा, पीस खाल्लं जाणार किंवा स्पिल, म्हणजे पडद्यावरून अंगावर उडालेला रंग, काढताना राखाडी पडणार. त्याला उपाय आहेत. माणूस पडद्यापासून आठ-दहा फूट पुढे उभा करायचा, पडद्याचे लाइट आणि माणसाचे लाइट वेगळे ठेवायचे, मोरपीस एकेक फ्रेम हाताने रोटो करायचं, म्हणजे त्याची कड आखून कापायचं. पण हे सगळं वेळ मागतं आणि रोजच्या मालिकेत संध्याकाळपर्यंत एपिसोड संपवायचा असतो. मग सेटवर ‘पोस्टला बघून घेऊ’, म्हणजे शूटिंगनंतर दुरुस्त करू, हे वाक्य येतं. या एका वाक्याने आपल्याकडच्या हिरव्या-निळ्या पडद्याच्या कामाचं जितकं नुकसान केलं आहे, तितकं कुठल्याही जुनाट मशीनने केलेलं नाही.

या कामाची परंपरा आपल्याकडे दुबळी नव्हती. दादासाहेब फाळके जादूचे प्रयोग करत आणि ती जादू त्यांनी कॅमेऱ्यात उतरवली. ‘लंका दहन’ (१९१७) मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या होत्या. बाबूभाई मिस्त्री यांनी ‘ख्वाब की दुनिया’ (१९३७) मध्ये काळ्या पार्श्वभूमीवर काळ्या धाग्याने वस्तू हलवल्या आणि ‘काला धागा’ हे नावच त्यांना चिकटलं. पुढची उडी परदेशात पडली. लॅरी बटलर यांनी ‘द थीफ ऑफ बगदाद’ (१९४०) साठी निळा पडदा वापरला. पेट्रो व्लाहोस यांनी ‘बेन-हर’ (१९५९) साठी रंगांच्या फरकावर आधारलेली पद्धत बसवली आणि आजचं प्रत्येक कीइंग सॉफ्टवेअर तिचंच ऋणी आहे. ‘मेरी पॉपिन्स’ (१९६४) सोडियम दिव्याच्या पिवळ्या उजेडासमोर चित्रित झाला. त्यातल्या टोपीच्या जाळीतून मागचं दृश्य इतकं स्वच्छ दिसतं, की आजही ते जमवायला घाम फुटेल. फाळके, मिस्त्री किंवा व्लाहोस, कुणालाच ‘नंतर बघू’ म्हणायची सोय नव्हती. फिल्म एकदा चालली की निर्णय झालेला असे.

आणि निर्णय मुख्यतः उजेडाचा असतो. प्रेक्षकाला कड कळत नाही, पण सूर्य कुठे आहे ते कळतं. मागच्या वाळवंटात डावीकडून कडक ऊन आणि समोरच्या नायकाच्या चेहऱ्यावर चारी बाजूंनी मऊ उजेड, एवढ्यावर डोळा बिथरतो. पायाखाली सावली नसेल तर माणूस तरंगतो. कॅमेरा छातीच्या उंचीवर आणि मागच्या चित्राचं क्षितिज डोक्याच्या वर असेल, तर सगळा दरबार पुढे कलंडल्यासारखा वाटतो. यातलं काहीही सॉफ्टवेअरच्या आवृत्तीवर अवलंबून नाही. ‘ड्यून’ (२०२१) च्या मंडळींनी अनेक ठिकाणी हिरवा-निळा पडदा सोडून वाळूच्या रंगाचे पडदे लावले. की करणं अवघड झालं, पण पडद्यावरून नटावर जो रंग उडाला तो वाळवंटातून उडाला असता तसाच होता. स्पिल हा दोष राहिला नाही, तो देखाव्याचा भाग झाला. मागे वाळवंटच येणार हे आधीपासून पक्कं असल्याशिवाय असला पडदा कुणी लावू शकत नाही. म्हणूनच हे उदाहरण मला या क्षेत्रातलं अलीकडचं सगळ्यांत मोलाचं वाटतं.

छायाचित्रकार क्लॉडिओ मिरांडा यांचंही काम पाहण्यासारखं आहे. तैवानमधल्या टाकीत निळ्या पडद्यांसमोर ‘लाइफ ऑफ पाय’ टिपून त्यांनी ऑस्कर मिळवलं. त्यानंतरच्या ‘ऑब्लिव्हियन’ (२०१३) मध्ये काचेच्या घराभोवती त्यांनी निळा पडदा येऊ दिला नाही. हवाईत आधी टिपून आणलेलं आकाश मोठ्या पडद्यांवर प्रक्षेपित केलं, म्हणजे काचेत आणि माणसांच्या चेहऱ्यांवर खरे ढग उतरले. हाच विचार ‘द मँडलोरियन’ (२०१९) ने पुढे नेला. सुमारे २० फूट उंच आणि ७५ फूट व्यासाची एलईडी भिंत नटांभोवती उभी राहिली. नायकाचं चिलखत चकचकीत होतं, म्हणून हिरवा पडदा टाळणं भागच होतं. आपल्या देवांच्या मुकुटाची अडचण हीच. आता हैदराबादच्या अन्नपूर्णा स्टुडिओत क्यूब सिनेमाच्या साथीने एलईडी भिंतीचा स्टेज उभा आहे. मात्र या भिंतीची एक अट आहे. मागचं दृश्य शूटिंगच्या दिवशी तयार हवं. तिचा खरा फायदा मला या अटीतच दिसतो.

नटांबद्दल थोडं बोलायला हवं. ‘द हॉबिट’ (२०१२) च्या वेळी इयन मॅकेलन यांना हिरव्या सेटवर एकट्याने उभं केलं होतं. सोबतचे नट दुसऱ्या सेटवर होते, त्यांचे आवाज तेवढे कानात येत आणि बघायला काठ्यांवर लावलेले फोटो. रंगभूमीवर आयुष्य काढलेला तो माणूस रडला. आपल्याकडची अनेक नटमंडळी नाटकातून येतात, समोरच्याच्या डोळ्यांवर खेळायची त्यांना सवय असते. त्यांना निदान मागच्या दृश्याचं चित्र छापून हातात द्यावं, एवढी मागणी अवाजवी नाही.

ऐतिहासिक चित्रपटांत दोष तंत्राच्या पुढे जाऊन कल्पनेत शिरतो. ओम राऊत यांच्या ‘तान्हाजी’ (२०२०) मधला कोंढाणा भव्य आहे, हालचालीत जोश आहे, पण सिंहगड चढलेल्या माणसाला त्यात सह्याद्री सापडत नाही. आपले कडे काळ्या बेसाल्टचे, आडव्या थरांचे, पावसाळ्यात कारवीने झाकलेले. पडद्यावरच्या दऱ्या कुठल्यातरी कल्पित राज्यातल्या वाटतात. छोट्या पडद्यावर तयार मॉडेल्स घेऊन वाडे उभारले जातात आणि मराठ्यांच्या सदरेला राजस्थानी झरोके फुटतात. राऊत यांच्याच ‘आदिपुरुष’च्या टीझरवर ऑक्टोबर २०२२ मध्ये टीकेची झोड उठली, प्रदर्शन जानेवारीवरून जून २०२३ वर गेलं, तरी चित्रपट सावरला नाही. माझ्या मते तिथे उणीव संगणकाची नव्हती. ती लंका, ते वन कुणी आधी मनाशी पाहिलंच नव्हतं. नितीन चंद्रकांत देसाई कर्जतला सेट बांधत तेव्हा सुतार कामाला लागण्याआधी रेखाटन तयार असे. आभासी सेटलाही असाच कलादिग्दर्शक लागतो. आपल्याकडे ती जागा बहुधा रिकामी ठेवून काम थेट व्हीएफएक्स स्टुडिओकडे पाठवलं जातं.

त्या स्टुडिओतल्या माणसांचे हाल वेगळेच. ‘लाइफ ऑफ पाय’चा वाघ आणि समुद्र घडवणारी ऱ्हिदम अँड ह्यूज ही कंपनी फेब्रुवारी २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि काही दिवसांतच त्याच कामाला ऑस्कर मिळालं. कंपनीची कार्यालयं मुंबई आणि हैदराबादलाही होती. निषेध म्हणून जगभरच्या कलाकारांनी फेसबुकवर स्वतःचा फोटो काढून तिथे नुसता हिरवा चौकोन लावला. आमचं काम वगळलं तर तुमच्या चित्रपटात एवढंच उरतं, हे त्यांना सांगायचं होतं.

राहिल्या बातम्या. तिथे आभासी सेट सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत वाईट वापरला जातो. जून २०२३ मध्ये बिपरजॉय वादळ गुजरातकडे येत असताना एका हिंदी वाहिनीवर निवेदिका स्टुडिओतल्या आभासी वादळात छत्री धरून झोकांड्या खात होती. वाऱ्याचा वेग कुठे किती, कुणी घर सोडायचं, यातलं त्या दृश्यातून काहीच कळत नव्हतं. याच साधनाचा उत्तम वापर सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या वेदर चॅनलने फ्लॉरेन्स वादळाच्या वेळी केला. निवेदिका रस्त्यावर उभी दिसते, पाणी तीन फूट चढतं, मग सहा, मग नऊ. तिच्या डोक्यावरून गाड्या तरंगत जातात. प्रत्येक टप्प्यावर ती शांतपणे सांगते की या पाण्यात तुमचं काय होईल. आकडा डोळ्यांना दिसला. खऱ्या रस्त्यावर त्या पाण्यात कॅमेरा आणि माणूस उभाच करता आला नसता, त्यामुळे आभासी सेट तिथे अपरिहार्य होता.

दर पावसाळ्यात आपल्या वाहिन्या सांगतात की कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. सांगलीच्या आयर्विन पुलाची ४० आणि ४५. पण ४३ फूट म्हणजे माझ्या गल्लीत पाणी घोट्याला की गळ्याला, हे नदीकाठच्या माणसाला त्या पट्टीवरून समजत नाही. २०१९ च्या महापुरात पाणी या पातळ्यांच्या कितीतरी वर गेलं, कुठल्या चौकात कुठवर चढलं याच्या खुणा लोकांच्या भिंतींवर आहेत. मराठी वृत्तवाहिन्यांकडे आभासी स्टुडिओ आहेत, ग्राफिक्सची माणसं आहेत. त्यांनी पाऊस सुरू होण्याआधी त्या खुणा मोजून घ्याव्यात, त्या गल्ल्या स्टुडिओत उभ्या कराव्यात आणि फूट-फूट पाणी चढवून लोकांना दाखवावं.