ओलं लाकूड आणि फेसबुकचे लाइक्स

आज एक शोधनिबंध तपासायचा आहे. २०१३ चा, कोसिन्स्की, स्टिलवेल आणि ग्रेपेल या तिघांचा. अठ्ठावन्न हजारांहून अधिक लोकांनी आपले फेसबुक लाइक्स अभ्यासासाठी दिले आणि त्यांवरून माणसाचा धर्म, राजकीय मत, लैंगिक कल ओळखता येतो, असं या तिघांनी दाखवलं. त्यातलं गाजलेलं उदाहरण कर्ली फ्राइजचं. वेटोळ्या तळलेल्या बटाट्यांना लाइक देणारे बुद्धिमान निघाले! लोक हसले. न्यायदर्शन शिकवणाऱ्याला मात्र हे ओळखीचं वाटतं. धूर आहे तिथे अग्नी, ही व्याप्ती खरी. पण अग्नी आहे तिथे धूर? तापलेल्या लोखंडी गोळ्यावर कुठे असतो? त्यासाठी लाकूड ओलं लागतं. या ओलेपणाला नैयायिक उपाधी म्हणतात. आता बटाट्यांची उपाधी कोणती? बहुधा मैत्री. हुशार मंडळींच्या एका गोतावळ्यात ते पान फिरलं, एकाचं बघून दुसऱ्यानं अंगठा दाबला. उद्या तेच पान गावभर पसरलं की खूण पुसली जाणार. यंत्राला सहचार दिसतो, उपाधी दिसत नाही. जाहिरातदाराला तरी कुठे हवी असते म्हणा.

धोक्याचा इशारा निबंधकर्त्यांनी स्वतःच दिलाय, हे मान्य करू. माझा आक्षेप आकडा वाचण्याच्या पद्धतीला आहे. समलिंगी पुरुष ओळखण्यात ८८ टक्के यश, म्हणजे शंभरातले अठ्ठ्याऐंशी बरोबर, असं नव्हे. एक समलिंगी, एक भिन्नलिंगी अशी जोडी समोर ठेवली, तर कोण कोणता हे ८८ टक्के वेळा बरोबर सांगता येतं. गावात काही अशा जोड्या लावून ठेवलेल्या नसतात! हजारात चाळीस जण समलिंगी धरा. उरलेल्या ९६० पैकी दहा टक्क्यांकडे जरी यंत्रानं चुकून बोट दाखवलं, तरी ९६ जण झाले. म्हणजे बरोबर ओळखलेल्यांच्या दुपटीहून जास्त.

आणि हे नुसतं गणित नाही, बरं का. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ कायम ठेवलं. २०१८ पर्यंत प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंधसुद्धा इथे गुन्हा होते. अशा देशात अंदाज चुकला तो संकटात, बरोबर आला तोही. समलिंगी म्हणून नोंदलेल्यांपैकी पाच टक्क्यांहूनही कमी लोकांनी उघडपणे तशा गटांना लाइक दिले होते, हे निबंधातच आहे. बाकीच्यांनी गाणी, सिनेमे, असंच काहीबाही आवडल्याचं सांगितलं होतं.