मूनस्टोन : तपास न झालेली चोरी

(रहस्य आधीच फुटलेलं चालत नसेल, तर अगोदर कादंबरी वाचा. मी खाली बरंच काही फोडणार आहे.)

विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' मी सहावीत वाचली, शाळेच्या लायब्ररीतल्या संक्षिप्त आवृत्तीत. यॉर्कशायरमधलं मोठं घर, रेचेलच्या वाढदिवसाच्या रात्री नाहीसा झालेला हिरा, दारावरच्या ओल्या रंगाचा कुणाच्या तरी कपड्याला लागलेला डाग आणि माणसं गिळणारी वाळू. घराभोवती घिरट्या घालणारे तीन भारतीय ब्राह्मण होते, पण ते फक्त भीती घालायला.

कॉलेजात असताना मूळ कादंबरी हाती आली आणि कळलं, की ती यॉर्कशायरला सुरूच होत नाही. ती सुरू होते १७९९ साली, श्रीरंगपट्टणला. टिपूचा किल्ला पडलाय, लूट चाललीय. जॉन हर्नकॅसल हा इंग्रज अधिकारी हातात रक्ताळलेला खंजीर घेऊन उभा आहे. दोन भारतीय मरून पडलेत, तिसरा शेवटच्या घटका मोजतोय. मूळचा सोमनाथच्या चंद्रदेवाचा हिरा हर्नकॅसलकडे जातो. त्याच्या चुलतभावाला सगळं उमगतं, पण पुरावा नाही म्हणून तो गप्प बसतो. विषय संपला!

पुढे १८४८ मध्ये तोच हिरा रेचेलच्या खोलीतून जातो, तेव्हा मात्र लंडनहून सार्जंट कफ येतो आणि घरातल्या कपड्यांचा हिशेब मागतो. चोरीचा माल चोरीला गेल्यावर एवढी धावपळ. पहिल्या चोरीची साधी तक्रारसुद्धा नाही. ही विसंगती म्हणजे कादंबरीचा कणा आहे, असं मला वाटतं.

कादंबरीची रचना आमच्या क्षेत्रातल्या लोकांना लगेच आवडेल. सिस्टम कोसळली की आम्ही प्रत्येक सर्व्हिसचे लॉग जमवतो. इथे फ्रँकलिन ब्लेक साक्षीदारांचे जबाब जमवतो. नियम एकच : त्या वेळी जेवढं माहीत होतं तेवढंच लिहायचं. मिस क्लॅकला नंतर कळलेलं घुसडायचं असतं, ब्लेक साफ नकार देतो. म्हाताऱ्या बेटरेजपासून वकील ब्रफपर्यंत सगळे बोलतात. कोडं सोडवणारा एझ्रा जेनिंग्ज मिश्र वंशाचा, गावाने दूर ठेवलेला. त्याचीही डायरी आहे.

एक लॉग मात्र नाही : त्या तीन ब्राह्मणांचा. समुद्र ओलांडून त्यांनी जात गमावली, बाजीगरांचं सोंग घेतलं, लंडनमध्ये खूनही केला. सगळ्यात चिवट पाठलाग त्यांचा, पण आपल्याला तो ऐकू येतो मर्थवेट नावाच्या इंग्रज प्रवाशाच्या तोंडून.

तरीही शेवट पाहा. हिरा सोमनाथला परत पोचतो. प्रायश्चित्त म्हणून ते तिघं एकमेकांचा कायमचा निरोप घेऊन तीन दिशांना निघून जातात. कॉलिन्सने हे आदराने लिहिलंय, तेही १८६८ साली, डिकन्सच्या साप्ताहिकात, १८५७ च्या उठावाला जेमतेम अकरा वर्षं झालेली असताना. हिरा ज्याचा त्याला मिळाला. आवाज मिळाला नाही. लेखकाचं धाडस नेमकं कुठे थांबलं, ते इथे दिसतं.

म्हणून संक्षिप्त आवृत्ती घेऊ नका. मी वाचलेल्या आवृत्तीत सुरुवातीचं श्रीरंगपट्टण आणि शेवटचं सोमनाथ दोन्ही कापलेलं होतं. ते कापलं की मालकच चोर दिसायला लागतात.