ओगोनी सनदेतलं शेवटचं कलम

नायजेरियाचे लेखक केन सारो-विवा यांचं ‘अ मंथ अँड अ डे’ हे १९९३च्या कैदेवरचं पुस्तक आपण पर्यावरणासाठी प्राण दिलेल्या माणसाची डायरी म्हणून वाचतो. आम्हीही बरीच वर्षं तसंच वाचलं. हे वाचन अपुरं आहे, एवढंच आज सांगायचंय.

नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या ओगोनी समाजानं १९९० साली हक्कांची सनद काढली. सारो-विवा त्या चळवळीचे पुढारी. आता सनदेतल्या मागण्यांचा क्रम बघा. आधी स्वतःच्या कारभारावर ताबा, मग आपल्या भूमीतल्या संपत्तीचा रास्त वाटा, प्रतिनिधित्व, भाषा, संस्कृती, धर्म. आणि शेवटी पर्यावरण राखण्याचा हक्क. ही मागणी दुय्यम होती असं नाही. आमच्या मते अर्थ असा, की गावाच्या हाती कारभारच नसेल, तर विहीर राखणार कोण? त्या भागात तेल १९५८पासून निघत होतं आणि सनद म्हणते, नळाचं पाणी नाही, वीज नाही!

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०११चा अहवाल याच्याशेजारी ठेवून वाचावा. निसिसिओकेन ओगाले इथं पिण्याच्या विहिरींत बेंझीन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९००पट निघालं. भूजलावर तेलाचा ८ सेंटिमीटरचा थर तरंगत होता. आणि शेजारची पाइपलाइन कुणाची, तर सरकारी तेल कंपनीची. म्हणजे ‘परदेशी कंपनी विरुद्ध गरीब गाव’ एवढ्यात हे प्रकरण बसत नाही. सारो-विवा तर कंपनीइतकेच स्वतःच्या सरकारवर तुटून पडतात, पण आपण ती पानं भरभर उलटतो.

पुस्तकात उणीवही आहे. १९९३च्या निवडणुकीवरच्या बहिष्कारावरून चळवळ फुटली. मतभेद झालेल्या ओगोनी पुढाऱ्यांबद्दल लेखक उदार नाहीत. लेखकाचा ‘मी’ इतका मोठा, की पाणी भरणाऱ्या बाईचा आवाज त्यामागे बुजतो. हे म्हणताना आम्हाला अवघडल्यासारखं होतं, कारण १० नोव्हेंबर १९९५ला त्यांना आणि आणखी आठ जणांना फाशी दिलं गेलं.

जून २०२५मध्ये नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी या नऊ जणांना माफी दिली. माफी गुन्हेगाराला देतात. हे निर्दोष होते असं जाहीर करा, अशी अनेकांची मागणी होती, ती तशीच राहिली. त्याच वर्षी ओगोनी भूमीत पुन्हा तेल काढण्याची बोलणीही सरकारनं चालवली होती.