यमूचं पासबुक

परवा रात्री दीड वाजता सौ.ने मला गदागदा हलवलं. "अहो, उठा! यमूचं केशवपन केलं हो मेल्यांनी!"

बँकेतला माणूस दचकून उठला की आधी किल्ल्या चाचपतो. त्या जागेवर आहेत असं पाहून मी विचारलं, "कोण यमू? दुसऱ्या मजल्यावरची?"

यमू निघाली हरिभाऊ आपट्यांची. 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी १८९० साली निघालेल्या 'करमणूक' पत्रातून क्रमशः आली. म्हणजे दुःख सव्वाशे वर्षांहून जुनं! आमच्याकडे दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय धरतात, इथे सौ.चे अश्रू अजून जमा होत होते. मग मीही ती वाचली आणि बी.कॉम. माणसाला साहित्यातलं जेवढं कळावं, तेवढं मला कळलं.

वाचक कादंबरी वाचतो ती पासबुकासारखी. आरंभीची शिल्लक आणि अखेरची शिल्लक एवढ्यावर त्याचं समाधान होत नाही, मधल्या नोंदी हव्यात. कित्येक कादंबऱ्यांत तीनशे पानं छळणारा सासरा शेवटच्या पानावर ढसढसा रडतो आणि देवमाणूस होतो. आता ही रक्कम आली कुठून? व्हाउचर कुठे आहे? असल्या नोंदी आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो.

यमूच्या प्रत्येक नोंदीला व्हाउचर आहे. लहानपणी लग्न, सासरचा धाक. मग रघुनाथरावांच्या प्रोत्साहनानं लिहिणं-वाचणं, मुंबईचं बिऱ्हाड, तिथली चार शहाण्या माणसांची सोबत. दबून राहणारी पोर पै पै करत स्वतःच्या डोक्यानं विचार करू लागते. आणि मग नवरा जातो, आणि त्याच डोक्यावर जुलमानं वस्तरा फिरतो. पहिल्या प्रकरणातली यमू असती तर आपण "अरेरे" म्हणून कूस बदलली असती. झोप उडते ती वाढलेल्या यमूसाठी. किती साठलं होतं हे आपण नोंद-नोंद पाहिलेलं असतं, म्हणूनच किती गेलं ते कळतं.

बरं, सगळंच गेलं का? ही हकीकत सांगतंय कोण? यमूच! तेवढी शिल्लक कोणाला काढून घेता आली नाही.

इथे कोणी म्हणेल, चि. वि. जोश्यांचे चिमणराव कुठे बदलतात? लग्न झालं, संसार वाढला, स्वारी होती तशीच भोळी. कबूल. चिमणराव म्हणजे चालू खातं! त्यावर व्याज मिळत नाही, पण रोजचा व्यवहार त्याच्यावाचून अडतो.

ही सगळी मीमांसा मी सौ.ला ऐकवली. ती शांतपणे म्हणाली, "आणि वीस वर्षांत तुमच्यात काय वाढलं?"

मी पोटाकडे पाहिलं.

"ते सोडून."

मी मुकाट्यानं उठलो आणि चहा करायला स्वयंपाकघरात गेलो. आधण ठेवलं आणि अडलो. साखरेचा डबा कुठे असतो, हे वीस वर्षांत मला ठाऊक नव्हतं. शेवटी विचारलं.

"वरच्या फळीवर, डावीकडे," बाहेरून आवाज आला. आवाजात साफ अविश्वास होता.

बरोबरच आहे. एका नोंदीवर कोण विश्वास ठेवतो?