पाळण्याआधीचा पेशवा आणि त्र्यंबकमामा

पुणतांब्याहून गोदावरीच्या वरच्या अंगाला गेले की कोपरगाव लागते. तिथे राघोबादादांचा वाडा आहे; ११ डिसेंबर १७८३ रोजी त्यांचा शेवट कोपरगावीच झाला. आमच्या भागात पेशवाईचा विषय निघाला की बोलणे दादा, आनंदीबाई आणि ‘ध’चा ‘मा’ यांपलीकडे सहसा जात नाही. मराठी साहित्यानेही फारसे वेगळे केलेले नाही. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ने दादांसमोर उभे राहणारे रामशास्त्री घरोघरी पोचवले. दादांशी रणात लढून जीव गमावलेले त्र्यंबकराव पेठे मात्र आडबाजूलाच राहिले.

हे त्र्यंबकमामा म्हणजे सदाशिवरावभाऊंचे मामा. १७७१ मध्ये मोती तलावावर हैदरचा पराभव केला तो यांनीच. पण माझ्या दृष्टीने त्यांचे खरे मोल १७७४ च्या मार्चमध्ये आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा खून झाला आणि दादा पेशवे झाले. पुढे बारभाईंनी गरोदर गंगाबाईंना पुरंदरावर नेले, त्यांच्या नावाने कारभार सुरू केला आणि दादांवर फौज पाठवली. पंढरपूरजवळ कासेगावला गाठ पडली. मामा जखमी होऊन दादांच्या हाती सापडले आणि त्यातच गेले. सवाई माधवरावांचा जन्म १८ एप्रिलचा. म्हणजे मामा ज्या धन्यासाठी पडले, तो तेव्हा जन्मलाच नव्हता. मुलगी झाली असती तर? बारभाईंचा सारा डाव कोसळला असता आणि मामा इतिहासात बंडखोर ठरले असते. आपण मात्र पुढचा निकाल ठाऊक असल्याने त्यांची बाजू सरळ आणि सोपी समजून वाचतो.

त्यांना निव्वळ स्वामिभक्त म्हणून रंगवणेही मला पटत नाही. नानासाहेबांच्या मृत्यूनंतर, दादा रुसून बाजूला झाले तेव्हा कारभार मामांकडे आला होता. १७६२ मध्ये आळेगावी माधवराव काकांच्या स्वाधीन झाले आणि मामांच्या हातची सत्ता गेली. तो सल बारा वर्षांत विरला असेल, असे मानायला मी तयार नाही. गादीवरची निष्ठा आणि दादांवरचा राग एकाच माणसात नांदू शकतात; आपल्या ऐतिहासिक कादंबरीला मात्र अशा सरमिसळीचे वावडे आहे. तिला एक तर रामशास्त्री हवेत, नाही तर आनंदीबाई.

रणजित देसाईंची ‘स्वामी’ थेऊरला, १७७२ मध्ये, माधवरावांच्या मृत्यूपाशी थांबते. तिथून कासेगाव जेमतेम दीड वर्षावर आहे. एवढ्या अवधीत एक खून झाला, एक गादी रिकामी पडली, आणि ज्याच्या हाताखाली मोती तलावाची फौज लढली होती तो वयस्क सरदार पोटातल्या जिवाच्या बाजूने पुन्हा घोड्यावर बसला. कोपरगावच्या वाड्यात गेलो की मला दादांपेक्षा त्यांच्या या कैद्याचीच आठवण अधिक होते. दादांना त्यानंतर सुरतेपर्यंत जाऊन इंग्रजांचा आश्रय घ्यावा लागला. मामांच्या मृत्यूनंतरही त्यांचा पाठलाग हरिपंत फडक्यांनी सोडला नव्हता.