डबलबारी : वाद की वितंडा?

श्रोतेहो, डबलबारीच्या भजनाचा विषय निघाला की पहिली तक्रार ठरलेली असते, हल्ली बुवा सिनेमाच्या चाली लावतात. ही तक्रार आपण आज बाजूला ठेवू. १९११ साली ‘मानापमान’ आलं, तेव्हा गोविंदराव टेंब्यांनी पूरबच्या ठुमऱ्यांवरून मराठी पदं बांधली. ती आज आपण परंपरा म्हणून ऐकतो. चाल उसनी असणं हा काही गुन्हा नव्हे.

आपलं माझगाव गोदीचं. भाऊच्या धक्क्याला कोकणची बोट लागायची. उतरलेला चाकरमानी गोदीत, नाहीतर लालबाग-परळच्या गिरणीत चिकटायचा. त्याच्यासोबत गावचं भजन चाळीत आलं. डबलबारीत दोन बुवा, दोन संच. पेटी, पखवाज, झांजा, मागे कोरस. अभंग, गौळण, गजर होतात, आणि एक बुवा रामायण-महाभारतातला प्रश्न टाकतो. दुसऱ्यानं तो आपल्या बारीत सोडवायचा, तोही गाऊन.

गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. सत्य कळावं म्हणून होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प, त्यात शब्दच्छलही चालतो. आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची नुसती पाडायची, ती वितंडा. डबलबारी हा सामना आहे, म्हणजे मुळात जल्पच. तरी चांगल्या बारीत या जल्पाचा वाद होतो. तो कशामुळे होतो, हे बघू.

सगळं प्रश्नावर आहे. अमक्याच्या सारथ्याचं नाव काय, हा प्रश्न पाठांतर तपासतो. उत्तर आलं की संपला. पण रामानं वालीला आडून बाण का मारला? हा प्रश्न खुद्द वालीनं रामाला विचारलाय, रामानं उत्तरही दिलंय, आणि तरी तो मिटलेला नाही. स्वतःला हरलेल्या युधिष्ठिराला द्रौपदी पणाला लावता येते का? भर सभेत भीष्मही इथे अडखळले. महाकाव्यांनी असे प्रश्न उघडे ठेवलेत, म्हणून तर बुवाला आज गाण्याजोगं काही उरतं.

आणि उत्तर गाऊनच का द्यायचं? कारण बुवाची ओळ कोरस उचलतो. उत्तर मग एकट्याचं राहत नाही, समोर बसलेल्यांच्याही तोंडी येतं. समोरच्या बुवाच्या अंगकाठीवर मारलेला टोमणाही कोरस उचलेल हो, टाळ्याही पडतील. पण दुसऱ्या आवर्तनाला तो शिळा झालेला असतो. पुष्कळ बाऱ्या आज तिथे पोचल्यात. कथा बाजूला, प्रश्न बाजूला, उरते ती वितंडा. ऱ्हास म्हणायचा तर तो हा.

तेव्हा पुढच्या बारीला बसाल, तेव्हा चाल कुठली याची चौकशी नंतर करा. प्रश्न घरी जाताना बरोबर येतोय का, ते बघा. येत असेल, तर भजन झालं. इथे थांबू.